सर हॅरी रिकार्डो : इंजिनाच्या माथ्यातली पोकळी

भोपाळचा कोलार रोड एके काळी शहराबाहेर, कोलार धरणाच्या दिशेने जाणारा साधा रस्ता होता. आज त्याच्या दोन्ही अंगांना वसाहती, दुकाने आणि गॅरेजे दाटली आहेत. गेल्या हिवाळ्यात तिथल्या एका गॅरेजात एका जुन्या पेट्रोल जीपचे इंजिन उघडलेले पाहिले. मालकाची मागणी साधी होती. गाडी पेट्रोल फार पिते. हेड काढलेच आहे, तर ते मशिनवर थोडे घासून पातळ करावे, म्हणजे ॲव्हरेज वाढेल. मिस्त्रीने ते जड हेड बाकावर उलटे ठेवले होते आणि त्याच्या पोटातल्या काजळीने माखलेल्या पोकळीवरून तो बोट फिरवीत होता. त्याला घाई नव्हती.

म्हापशात किंवा फोंड्यात हाच प्रसंग कुठल्याही आठवड्यात पाहायला मिळेल. हेड घासल्याने इंधन वाचते, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे आणि ती अर्धीच खरी आहे. उरलेले अर्धे सत्य ज्या माणसाने आयुष्य वेचून शोधून काढले, त्याचे नाव सर हॅरी रिकार्डो. त्या जीपच्या हेडमधली पोकळी झडपांच्या वर खोल आणि पिस्टनच्या वर जवळजवळ सपाट होती. तो आकार त्यांनीच दाखवलेल्या वाटेवरचा होता.

हॅरी राल्फ रिकार्डो यांचा जन्म २६ जानेवारी १८८५ रोजी लंडनमध्ये झाला. रिकार्डो हे कुळ मूळचे पोर्तुगीज ज्यूंचे. ॲम्स्टरडॅममार्गे ते इंग्लंडात आले होते. पोर्तुगालमधून ज्यूंना का निघावे लागले, हे गोव्याच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. इन्क्विझिशनची झळ या भूमीलाही लागलेली आहे. प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो हे याच घराण्यातले. हॅरी हा त्यांच्या एका भावाचा वंशज. घराण्यातल्या एकाने राष्ट्राच्या संपत्तीचा हिशोब मांडला आणि दुसऱ्याने पेट्रोलच्या थेंबाचा, असे विनोदाने म्हणता येईल.

हिंदुस्थानशी या कुटुंबाचे नाते जवळचे होते. वडील हॅल्सी रिकार्डो हे वास्तुविशारद. कलकत्त्याच्या हावडा स्थानकाची विटांची भव्य इमारत त्यांच्याच आराखड्यावरून उभी राहिली. आईचे वडील सर अलेक्झांडर रेंडेल हे स्थापत्य अभियंते. सिंधू नदीवरचा सक्करचा लॅन्सडाउन पूल, जो १८८९ मध्ये खुला झाला, तो त्यांच्या आखणीचा. या आजोबांनी १८९८ मध्ये मोटार घेतली. त्या वेळी इंग्लंडच्या रस्त्यावर मोटार दिसणे ही नवलाची गोष्ट होती. तेरा वर्षांच्या नातवाला ते यंत्र घरातच पाहायला मिळाले. लेथवर काम करून लहानसहान इंजिने बनवण्याचा नाद त्याला त्याआधीच लागला होता.

रग्बी शाळेतले शिक्षण संपवून १९०३ मध्ये हॅरी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. आजोबांच्या पेढीत पूल आणि बंदरे बांधायची, हे जणू ठरलेलेच होते. पण पहिल्या वर्षाच्या अखेरीस, १९०४ मध्ये, विद्यापीठाच्या मोटार क्लबाने एक स्पर्धा ठेवली. प्रत्येकाला एक क्वार्ट, म्हणजे सुमारे १.१४ लिटर पेट्रोल मिळणार. त्यात जो सर्वांत लांब जाईल तो विजयी. हॅरीने स्वतः आखलेल्या एका सिलिंडरच्या इंजिनाची मोटारसायकल उतरवली. स्पर्धेतल्या सर्व गाड्यांत तीच सर्वांत जड होती, आणि तरीही तीच जिंकली. तिने ४० मैल, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटर अंतर कापले. लिटरला छप्पन्न किलोमीटरहून अधिक! आजच्या शंभर सीसीच्या मोटारसायकलचा मालकही हा आकडा ऐकून मान डोलावेल.

गाडी सर्वांत जड असूनही जिंकली, यातच पुढच्या संशोधनाचे बीज होते. बचत वजनातून आली नव्हती, तर आली कुठून? इंजिनाच्या आत, पेटलेल्या मिश्रणाचे नेमके काय होते, या प्रश्नाकडे हॅरीला वळवले ते केंब्रिजमधले यंत्रशास्त्राचे प्राध्यापक बर्ट्राम हॉपकिन्सन यांनी. बंद पात्रात वायूचा भडका उडताना ज्योत कशी पसरते, दाब कसा चढतो, हे मोजण्यात हॉपकिन्सन गुंतले होते. १९०६ मध्ये पदवी मिळाल्यावर हॅरी आणखी एक वर्ष त्यांच्यापाशी राहिला. हॉपकिन्सन पुढे १९१८ मध्ये विमान अपघातात गेले. पण शिष्याच्या आयुष्याची दिशा तोवर पक्की झाली होती.

दिशा पक्की झाली, तरी पोटापाण्याचा मार्ग लगेच सापडला नाही. रिकार्डो आजोबांच्या पेढीत नोकरी करीत आणि उरलेल्या वेळात इंजिने आखीत. त्यांचा चुलत भाऊ राल्फ याने ससेक्सच्या किनाऱ्यावरच्या शोरम गावी मोटारींचा छोटा कारखाना काढला. त्याच्या डॉल्फिन नावाच्या गाडीसाठी रिकार्डो यांनी टू-स्ट्रोक इंजिन आखून दिले. गाडी उत्तम होती. दोष एवढाच, की ती बनवण्याचा खर्च विक्रीच्या किमतीहून जास्त होता. त्या मानाने मासेमारीच्या होड्यांसाठी तेच इंजिन बरे खपले. मच्छीमार इंजिनाची पारख त्याच्या दिमाखावरून करीत नाही. समुद्रातून परत आल्यावर टाकीत किती उरले, हे तो पाहतो. बेतुलच्या किंवा मालिमच्या जेटीवर उभे राहणाऱ्याला हे ठाऊक आहे. १९११ मध्ये कारखाना बुडाला आणि राल्फ नशीब काढायला हिंदुस्थानात निघून गेला. त्याच वर्षी रिकार्डो यांचे लग्न झाले. पत्नी बीट्रिस हेल या लंडनच्या स्लेड कलाशाळेतल्या विद्यार्थिनी होत्या.

मग महायुद्ध आले. ब्रिटिशांच्या पहिल्या रणगाड्यांची इंजिने इतका धूर ओकत, की शत्रूला त्यांचा ठावठिकाणा आपोआप कळे. नवे इंजिन हवे होते आणि चांगले पेट्रोल तर सगळे विमानांना जात होते. हलक्या प्रतीच्या इंधनावर चालणारे, धूर न करणारे आणि गाड्याच्या पोटात मावणारे दीडशे अश्वशक्तीचे इंजिन रिकार्डो यांनी आखले. मार्क ५ हा रणगाडा त्यावर चालला. ज्याने लिटरभर पेट्रोलचा हिशोब मांडून सुरुवात केली, त्याचे नाव झाले ते रणगाड्यामुळे. त्यांच्या आयुष्यात हे पुन्हा पुन्हा घडत गेले.

युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये त्यांनी शोरमलाच आपली प्रयोगशाळा थाटली. इथून पुढची काही वर्षे त्यांच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची, म्हणून जरा थांबून पाहू.

पेट्रोल इंजिनाचा एक साधा नियम आहे. पेटवण्याआधी मिश्रण जितके जास्त दाबावे, तितके त्याच इंधनातून जास्त काम मिळते. मिश्रण मूळ जागेच्या चौथ्या हिश्श्यात दाबले, तर कागदावरच्या आदर्श हिशोबाने उष्णतेचा सुमारे ४३ टक्के भाग कामी येऊ शकतो. सहाव्या हिश्श्यात दाबले तर सुमारे ५१ टक्के. प्रत्यक्षात मिळते ते याहून बरेच कमी, पण चढाची दिशा तीच. हेड घासल्याने पोकळी लहान होते, दाब वाढतो, आणि गॅरेजातली समजूत इथवर खरी ठरते. मग प्रत्येक कारखानदाराने दाब वाढवून का घेतला नाही? कारण एका मर्यादेपुढे इंजिन ठोकू लागे. धातूवर हातोडीचे घाव पडावेत तसा आवाज, शक्ती कमी, आणि शेवटी पिस्टनला भोक.

हा ठोका कशाचा, यावर त्या काळी एकमत नव्हते. ठिणगी पडण्याआधीच एखाद्या तापलेल्या भागामुळे मिश्रण पेटते आणि तोच ठोका, असे बहुतेकांचे मत होते. रिकार्डो यांनी दाखवले, की या दोन भिन्न गोष्टी आहेत. ठिणगी वेळेवरच पडते. तिथून ज्योत पसरत जाते आणि पुढचे न जळलेले मिश्रण दाबत, तापवत नेते. सर्वांत दूरच्या कोपऱ्यात उरलेला घास ज्योत पोचण्याआधीच इतका तापतो, की एका क्षणात आपोआप भडकतो. तो भडका म्हणजे ठोका. म्हणजे प्रश्न दोन झाले: इंधन असे हवे की जे हा ताप सोसेल, आणि पोकळी अशी हवी की ज्योतीला दूरचा प्रवास करावाच लागू नये.

पहिल्या प्रश्नासाठी त्यांना शेल कंपनीचे पाठबळ मिळाले. चालू असतानाच दाब कमीजास्त करता येईल असे एक प्रायोगिक इंजिन त्यांनी बनवले. त्याचे नाव ई-३५. हेन्री टिझर्ड आणि डेव्हिड पाय या दोन साहाय्यकांसह त्यांनी त्यावर एकामागून एक इंधने तपासली. कोणते इंधन किती दाबापर्यंत ठोकत नाही, याचा तक्ता तयार झाला. पेट्रोलची प्रत तोवर त्याच्या घनतेवरून ठरत असे. हलके ते चांगले, जड ते वाईट. या मापाने बोर्निओचे पेट्रोल हलक्या प्रतीचे समजून वाया घालवले जाई. ई-३५ वर तेच पेट्रोल दाब सोसण्यात सरस ठरले, कारण त्यात टोल्युइनसारखी सुगंधी द्रव्ये भरपूर होती. रिकार्डो यांनी इंधनाची प्रत टोल्युइनच्या मापाने मोजण्याची रीत सुचवली. आज पंपावर दिसणारा ऑक्टेनचा आकडा त्याच वाटेने पुढे आला.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे त्यांचे प्रसिद्ध हेड. त्या काळच्या बहुतेक स्वस्त मोटारींत झडपा सिलिंडरच्या बाजूला, उभ्या रांगेत असत. हेड म्हणजे झडपा आणि पिस्टन या दोहोंवर घातलेले सरळ झाकण. त्यामुळे पोकळी लांबट होई, आतले मिश्रण सुस्त पडून राही आणि ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे रेंगाळत जाई. रिकार्डो यांनी पोकळी झडपांच्या वर गोळा केली आणि पिस्टनच्या पलीकडच्या भागावरचे छत इतके खाली आणले, की वर आलेला पिस्टन त्याला टेकतो की काय असे वाटावे. पिस्टन वर येताना त्या फटीतले मिश्रण पिचकारीसारखे पोकळीकडे फेकले जाई आणि तिथे घुसळण होई. ठिणगी पडताच ती घुसळण ज्योतीला चहूकडे नेई. फटीत जो पातळ थर उरे, तो दोन थंड धातूंच्या मध्ये असल्याने तापून भडकत नसे. ठोक्याचा कोपराच नाहीसा झाला.

नवे यंत्र नाही, नवा धातू नाही. फक्त झाकणाच्या पोटातला आकार बदलला. तेवढ्याने साधी, स्वस्त इंजिने जास्त दाब सोसू लागली. युरोप-अमेरिकेतल्या कारखान्यांनी हा आकार उचलला. कुणी रीतसर परवाना घेऊन, कुणी न विचारता. बाजूच्या झडपांचे इंजिन मोडीत निघण्याच्या बेतात होते, त्याला या एका बदलाने आणखी काही दशके आयुष्य मिळाले. मोटारसायकलीही मागे राहिल्या नाहीत. ट्रायम्फ कंपनीसाठी त्यांनी चार झडपांचे वेगळे हेड आखले आणि ती गाडी रिकार्डो नावानेच ओळखली गेली.

इथे एक फाटा फुटतो आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. रिकार्डो पोकळीचा आकार आणि इंधनाचा मूळ घटक यांच्या मागे असताना अमेरिकेत, जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत, थॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये दुसराच उपाय सापडला. पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग चिमूटभर घातले, की ठोका थांबतो. उपाय स्वस्त होता आणि त्यासाठी इंजिनात काही बदलावे लागत नव्हते. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या एका शुद्धीकरण कारखान्यात ते हाताळणारे पाच कामगार विषबाधेने मेले, तरी शिसे थांबले नाही. पुढची अनेक दशके जगभरच्या रस्त्यांवर ते धुरातून मुलांच्या श्वासात जात राहिले. भारतात सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले ते १ फेब्रुवारी २००० पासून. झाकणाच्या आकारात उत्तर असताना जगाने चिमूटभर विष का निवडले? कारण विषाचा खर्च कारखान्याच्या वहीत लिहावा लागत नव्हता. जास्त दाबाचा लाभही बहुतेकांनी इंधन वाचवण्यासाठी वापरला नाही. गाड्या अधिक वेगवान आणि अधिक जड होत गेल्या.

रिकार्डो यांच्या वाट्याला मान भरपूर आले. इंजिनांवरचा त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १९२२-२३ मध्ये निघाला आणि अभियंत्यांच्या एका पिढीने त्यावर अभ्यास केला. १९२९ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९४८ मध्ये सर. मधल्या काळात विमानांसाठी सरकत्या नळीच्या झडपांचा त्यांनी पाठपुरावा केला आणि दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिस्टल व नेपियर इंजिनांत ती कल्पना उतरली. व्हिटल यांच्या जेट इंजिनाच्या इंधन नियंत्रणातही त्यांच्या प्रयोगशाळेचा हात होता. तो सारा इतिहास मोठा आहे, पण आपल्या विषयाला तो दूरचा.

जवळचे आहे ते १९३१ चे कॉमेट. लंडनच्या बसगाड्या डिझेलवर आणायच्या होत्या आणि डिझेल इंजिन तेव्हा बोजड व मंद होते. रिकार्डो यांनी हेडच्या आत एक छोटी गोल कुपी कोरली आणि ती एका तिरप्या वाटेने सिलिंडरला जोडली. दाबली जाणारी हवा त्या वाटेने कुपीत शिरताना भोवऱ्यासारखी फिरे. त्या भोवऱ्यात डिझेलचा फवारा सोडला, की ते झटकन जळे. या एका कुपीमुळे डिझेल इंजिन मोटारीत बसण्याइतके चपळ झाले. पुढे प्यूजोच्या डिझेल इंजिनांत हीच कुपी होती, आणि त्या घराण्यातले इंजिन महिंद्राच्या जीपगाड्यांतून भारताच्या रस्त्यांवर धावले. घाटात माल वाहणाऱ्या, गावोगावी प्रवासी कोंबून नेणाऱ्या त्या गाड्या अनेक वाचकांना आठवतील. कुपीचा जनक मात्र कुणाला ठाऊक नव्हता.

कॉमेटचा एक दोष रिकार्डो जाणून होते. कुपीच्या भिंती आणि ती अरुंद वाट उष्णता खातात. तेवढे इंधन वाया जाते. सरळ सिलिंडरातच फवारा सोडणारे इंजिन अधिक काटकसरी, पण ते लहान व वेगवान गाडीत जमवणे त्या काळच्या पंपांना शक्य नव्हते. विसाव्या शतकाच्या अखेरीस, पंप आणि फवारे सुधारल्यावर, ते जमले आणि कॉमेट मागे पडले. काटकसरीच्या स्पर्धेतून वर आलेल्या माणसाची सर्वांत खपलेली कल्पना शेवटी काटकसरीच्याच कसोटीवर बाद झाली. त्यांना यात वाईट वाटण्यासारखे काही दिसले नसते, असे त्यांच्या कामाची रीत पाहता वाटते. मोजमापात जे हरते ते सोडायचे, हाच त्यांचा आयुष्यभराचा धंदा होता.

उतारवयात ते ससेक्समध्येच राहिले. १९६८ मध्ये त्यांच्या आठवणींचे पुस्तक आले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले, भाव कडाडले आणि एका लिटरमध्ये गाडी किती जाते हा प्रश्न सात दशकांनंतर साऱ्या जगाच्या तोंडी आला. त्यानंतर काही महिन्यांतच, १८ मे १९७४ रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी रिकार्डो निवर्तले. तेलटंचाईने हैराण झालेल्या युरोपात १९७६ मध्ये फोक्सवॅगनची गोल्फ डिझेल बाजारात आली. कमी इंधन पिणारी छोटी गाडी म्हणून तिचा बोलबाला झाला. तिच्या हेडमध्ये कॉमेटच्याच वंशातली भोवऱ्याची कुपी होती.

कोलार रोडवरच्या मिस्त्रीने ते हेड शेवटी घासले नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आधी कुणीतरी एकदा घासलेले होते. आणखी पातळ केले तर गाडी चढावर ठोकेल आणि पैसे वाचण्याऐवजी पिस्टन बदलावा लागेल. त्याने पोकळीतली काजळी खरवडली, झडपा बैठकीवर घासून नीट बसवल्या, ठिणगीची वेळ जुळवली आणि नवे पॅकिंग टाकून हेड कसले. मालक जरा नाराज होता. जीप सुरू झाली, मिस्त्री कान देऊन ऐकत राहिला, ठोका नव्हता.